फायर स्टेशनमध्ये नवे आहात? जुन्यांच्या गोष्टींतून काम शिकायचं कसं

प्रशिक्षण संपवून पहिल्या नेमणुकीवर आलेल्या जवानाला होज (पाण्याचा पाइप) जोडता येतो, शिडी लावता येते, दोराच्या गाठी पाठ असतात. स्टेशनमध्ये त्याच्या कानावर मात्र वेगळंच काही पडू लागतं. गाडी धुताना, रात्री वर्दीची, म्हणजे मदतीसाठी येणाऱ्या कॉलची, वाट बघताना, वर्दीवरून परतताना जुने लोक बोलत असतात. अमक्या गोदामात छप्पर कसं बसलं, तमक्या जिन्यावर कोण अडकलं, काच कुणी फोडली, पाणी कुठून मारलं. या कामातलं बरंचसं ज्ञान असंच तोंडी चालत आलंय. त्यात सोन्यासारखं काही असतं आणि कालबाह्य झालेलंही असतं. पंचाईत अशी की दोन्ही सांगणारा माणूस एकच असतो आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगतो. सगळं डोळे मिटून मानलं तर धोका आहे. प्रशिक्षणात असं नव्हतं शिकवलं म्हणून सगळं उडवून लावलं तर त्याहून मोठा धोका आहे.

पहिल्या वर्षात हे ऐकलेलं गाळून कसं घ्यायचं आणि त्याचा प्रत्यक्ष कामात उपयोग कसा करायचा, ते पायरीपायरीनं सांगतो. तुमच्या दलाची स्थायी कार्यपद्धती याहून वेगळं सांगत असेल तर ती पाळा. डावपेच माणसागणिक बदलू लागले की आत गेलेल्यांची दाणादाण उडते.

पायरी १: आधी गाडी पाठ करा

ज्याला सांगितलेलं अवजार चटकन सापडत नाही, त्याच्याशी कुणी डावपेच बोलत बसत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे तोंड कमी आणि हात जास्त चालवा. गाडीचा एकेक कप्पा उघडा, आत काय आहे ते बघा, कप्पा बंद करा आणि आतल्या वस्तू क्रमानं म्हणून दाखवा. नंतर हेच रात्री, दिवे मालवून, हातमोजे घालून करा. हातमोज्यांत बोटांना होज जोडायच्या कपलिंगचा कान लागतो की नाही, हे वर्दीवर कळून उपयोग नाही.

बी.ए. सेटची (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) तपासणी ड्यूटी सुरू होताच, रोज, स्वतः करा. आधीच्या पाळीतल्यानं तपासलाय हे उत्तर चालत नाही. सिलेंडरचं दाब दाखवणारं गेज बघा, सिलेंडर पूर्ण भरलेला हवा. पट्टे पूर्ण सैल करून ठेवा, कारण आधीच्यानं ते त्याच्या मापाला आवळलेले असतात आणि घाईत तिथंच अर्धं मिनिट जातं. झडप उघडा, मास्क लावा, दोन-तीन श्वास घ्या. आता सिलेंडरची झडप बंद करून श्वास घेत राहा. नळीतली हवा संपली की मास्क चेहऱ्याला ओढला जायला हवा. ओढला गेला नाही तर कडेनं कुठून तरी हवा शिरतेय. दाढीचे खुंट वाढलेले असतील तर हे हमखास होतं, म्हणून गुळगुळीत दाढीचा नियम शिस्तीपेक्षा जिवाशी जास्त निगडित आहे. मग मास्क काढून पुन्हा झडप उघडा-बंद करा आणि मिनिटभर गेजकडे बघा. काटा सरकला तर गळती आहे. शेवटी साठलेली हवा हळूहळू सोडा आणि धोक्याची शिट्टी कितीवर वाजते ते वाचा. बऱ्याच सेटांमध्ये ती ५५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास वाजते. सेटला हालचाल थांबल्यावर वाजणारा अलार्म असेल तर स्तब्ध उभं राहून तो वाजेपर्यंत थांबा. साधारण अर्ध्या मिनिटात वाजतो. त्याचा आवाज तुमच्या कानात बसला पाहिजे, कारण आत तो ऐकू आला तर तुमच्यातलाच कुणीतरी हलत नाहीये.

पायरी २: गोष्ट ऐका, मग तिची तपासणी करा

समजा जुना सहकारी सांगतोय, “दार उघडलं आणि आग सरळ अंगावर आली.” ऐकणाऱ्याच्या मनात सांगणाऱ्याचं धाडस राहतं आणि एक मोघम धडा राहतो की दारापासून जपून असावं. तुम्हाला त्याहून जास्त हवंय. म्हणून विचारा: आपण पोहोचलो तेव्हा बाहेरून काय दिसत होतं? दार आणि खिडक्या आधीपासून बंद होत्या का? धूर कुठून निघत होता, कुठल्या रंगाचा, किती जोरात? वारा कुठल्या बाजूनं होता? दार उघडताक्षणी आग आली की थोड्या वेळानं? त्या क्षणी नोझलमध्ये (होजच्या तोंडाशी) पाणी होतं का?

पाचव्या प्रश्नावर बहुतेक वेळा सांगणारा थांबतो. “नाही, लगेच नाही. आम्ही आत चार-पाच पावलं गेलो होतो.” इथे गोष्ट बदलली. आग अंगावर यायला वेळ लागला, म्हणजे ती आत हवेविना घुसमटत होती. दारानं तिला हवा दिली आणि हवा पोहोचून आग वाढेपर्यंतचा अवधी त्या लोकांनी आत चालण्यात घालवला. यूएल या अमेरिकी संस्थेनं पूर्ण आकाराच्या घरांत केलेल्या चाचण्यांत हाच अवधी मोजलाय. हवेअभावी मंदावलेल्या आगीला दार उघडून मिळालं, की एकमजली घरात दोन मिनिटांच्या आत आणि दुमजली घरात त्याच्या जवळपास दुप्पट वेळात खोलीच्या खोली पेटते. सहकाऱ्याच्या त्या एका वाक्यात हा सगळा धडा दडलेला असतो, फक्त तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

विचारायची वेळ साधा. चारचौघांत उलटतपासणी केली तर माणूस आखडतो, किंवा आणखी रंगवून सांगतो. तो होज गुंडाळत असेल तेव्हा शेजारी बसून तुम्हीही गुंडाळू लागा. “साहेब, नकाशा काढून दाखवाल का?” म्हणत कागद पुढे करा. नकाशा काढताना माणसाला विसरलेल्या गोष्टी आठवतात.

आणि तीच गोष्ट गाडीच्या चालक-यंत्रचालकालाही विचारा. आतल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही. त्याला दोन मिनिटं दहा वाटतात, कधी दहा मिनिटं दोन वाटतात. पंपाशी उभ्या असलेल्या माणसानं बाहेरून धुराचा रंग बदलताना पाहिलेला असतो, पाणी कधी मागितलं आणि दाब किती होता हे त्याला आठवत असतं. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की खरं काय घडलं त्याच्या बरंच जवळ जाता येतं. माझ्या मते स्टेशनमधला सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त पाहिलेला माणूस हाच.

पायरी ३: कुठली शिकवण जुनी झाली ते ओळखा

जुने लोक चुकीचं शिकवतात असं नाही. ज्या आगींवर ते शिकले त्या आगी बदलल्या. लाकूड, कापूस, लोकर यांनी भरलेली खोली आणि फोमचा सोफा, कृत्रिम धाग्यांचे पडदे, प्लॅस्टिक यांनी भरलेली खोली या वेगळ्या वेगानं जळतात. यूएलच्या तुलनात्मक चाचण्यांत नव्या सामानाच्या खोल्या साडेतीन ते पाच मिनिटांत फ्लॅशओव्हरला गेल्या, म्हणजे छताखालचा धूर आणि खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेटली. जुन्या पद्धतीच्या सामानाच्या खोल्यांना जवळपास अर्धा तास लागला. त्यामुळे पूर्वी गाडी पोहोचायची तेव्हा आग वाढत असायची. आता पोहोचेपर्यंत खोली एकतर पूर्ण पेटलेली असते, नाहीतर असलेली हवा संपवून मंदावलेली असते. दुसरी अवस्था फसवी. बाहेरून शांत दिसते.

याच्या उजेडात काही ठरलेली वाक्यं तपासून बघा.

“आधी काचा फोडा, धूर बाहेर जाऊ द्या.” धूर बाहेर जातो हे खरं, पण तेवढीच हवा आत येते. पाणी तयार नसताना फोडलेली काच आगीला खुराक देते. छप्पर उघडणं, काच फोडणं, पंखा लावणं या सगळ्याची वेळ पाण्याशी बांधलेली हवी आणि ती ठरवायचा अधिकार घटनास्थळाच्या प्रमुखाचा. स्वतःच्या मनानं काच फोडू नका, मग कितीही हातखंडा असलेल्या माणसानं सुचवलेलं असो.

“बाहेरून पाणी मारलं तर आग आतल्या माणसांवर ढकलली जाते.” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक स्टेशनमध्ये ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानं निस्ट ही अमेरिकी सरकारी संशोधन संस्था आणि यूएल यांच्या साथीनं २०१२ साली गव्हर्नर्स आयलंड बेटावरच्या रिकाम्या घरांना आगी लावून ते तपासलं. पेटलेल्या खोलीच्या खिडकीतून छतावर मारलेल्या सरळ धारेनं आग कुणाकडे ढकलली गेली नाही, उलट शेजारच्या खोल्यांचंही तापमान उतरलं. मग जुन्यांनी जे पाहिलं ते खोटं होतं का? नाही. रुंद फवारा आपल्याबरोबर भरपूर हवा ओढून आत नेतो आणि खिडकीचं तोंडही अडवतो. बाहेर पडणारी उष्णता मग दुसरी वाट शोधते. त्यांनी बहुधा तेच पाहिलं आणि दोष पाण्याला दिला. म्हणून बाहेरून मारायचं असेल तर सरळ धार, तीव्र कोनात छताकडे, आणि नोझल एका जागी धरून. गरगर फिरवत नाही.

“धुरावर पाणी वाया घालवू नकोस, ज्वाळा दिसल्यावर मार.” धूर म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन आहे आणि डोक्यावरून वाहणारा तापलेला धूर पेटू शकतो. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात क्रिस्टर गिसेलसन आणि मॅट्स रोसांडर यांनी छोट्या छोट्या फवाऱ्यांनी हा धूर थंड करत पुढे जाण्याची पद्धत मांडली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. मात्र जुन्यांच्या इशाऱ्यातही तथ्य आहे. लिटरभर पाण्याची वाफ १०० अंशांना सुमारे १,७०० लिटर जागा घेते. तापलेल्या भिंतींवर बेहिशेबी पाणी ओतलं की तीच वाफ तुमच्या कानामागे, मनगटापाशी चटके देते. थेंब धुरातच विरले तर धूर आकसतो, भिंतीवर विरले तर वाफेनं खोली भरते. प्रशिक्षण मैदानावर कुणाला तरी सोबत घेऊन हा फरक डोळ्यांनी बघून घ्या. नुसतं वाचून समजत नाही.

“काळवंडलेलं हेल्मेट म्हणजे कमाई.” याबद्दल पुढे.

आणि न बदललेलं काय? खाली राहा. होज किंवा भिंत सोडू नका. एकटं आत जाऊ नका. पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन ठोकून बघा. डोक्यावर काय चाललंय ते बघत राहा. थर्मल कॅमेरा आला म्हणून यातलं काही रद्द झालेलं नाही. कॅमेऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही आणि बॅटरी संपली की परतीची वाट भिंतच दाखवते.

पायरी ४: दारापाशी थांबायला शिका

नवा जवान घाई करतो ती इथे. आतल्या खोलीच्या बंद दारापाशी दोघं पोहोचलेत, होजमध्ये पाणी आहे, असं धरा.

दोघंही दाराच्या दोन बाजूंना, गुडघ्यावर. दार कुणीकडे उघडतं? बिजागऱ्या दिसत असतील तर दार तुमच्याकडे उघडणार. दारावर वरपासून खालपर्यंत पाण्याचा हलका शिडकावा करा. जिथे पाणी लगेच उडून जातं तिथपर्यंत पलीकडे तापलेला धूर खाली आलाय. रंगाला फोड आलेत का, वरच्या फटीतून धूर दाबानं बाहेर येतोय का, खालच्या फटीतून हवा आत ओढली जातेय का, ते बघा. धूर श्वासासारखा आत-बाहेर होत असेल तर उघडूच नका. रेडिओवर कळवा आणि थांबा.

उघडायचं ठरलं तर एकजण दार धरतो, दुसरा नोझल. दार वीतभर उघडतं, नोझलवाला फटीतून वरच्या थरात एक-दोन छोटे फवारे मारतो, दार परत बंद. काही सेकंद थांबा. पुन्हा थोडं उघडून धुराचा थर वर गेला की खाली आला ते बघा. आत जाण्याजोगं असेल तर जा, आणि मागे दार जेमतेम होजपुरतं उघडं ठेवायला तिसरा माणूस मागवा. दारावरचं ते काम कंटाळवाणं असतं आणि बहुधा नव्याच्याच वाट्याला येतं. कुरकुर करू नका. आतल्यांची परतीची वाट आणि आगीला मिळणारी हवा, दोन्ही त्या वेळी तुमच्या हातात असतात. शिवाय दारातल्या माणसाला होज पुढे सरकवायचा असतो. वळणावर अडकलेला होज आतल्या दोघांना जागच्या जागी खिळवून ठेवतो.

पायरी ५: हवेचा हिशोब स्वतःच्या अंगावर मांडा

६.८ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला की त्यात ढोबळमानानं २,००० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ५० मिनिटं येतात. कागद बाजूला ठेवा. भरलेला होज ओढत जिना चढणारा माणूस सहज ८० लिटर घेतो, घाबरलेला त्याहून जास्त. म्हणजे २५ मिनिटं उरली. शिट्टी ५५ बारला वाजली तर सिलेंडरमध्ये पावणेचारशे लिटरच्या आसपास हवा आहे. ८० लिटरच्या वेगानं ती पाच मिनिटंही पुरत नाही.

“शिट्टी वाजली की निघायचं” असं कुणी शिकवलं तर ते घेऊ नका. शिट्टी वाजताना तुम्ही बाहेर असायला हवं. हिशोब असा: ३०० नं आत गेलात, ६० बार राखीव ठेवलेत, उरले २४०. निम्मे जायला, निम्मे यायला. म्हणजे १८० ला परत फिरायचं. परतताना माणूस दमलेला असतो, कदाचित कुणाला ओढत आणायचं असतं, म्हणून मी तर २०० लाच वळायला सांगेन. जोडीत ज्याची हवा कमी त्याच्या गेजवर दोघंही वळतात.

ड्रिलच्या दिवशी पूर्ण गणवेशात सेट लावून जिने चढा, होज ओढा, पुतळा ओढा आणि दर पाच मिनिटांनी गेजचा आकडा टिपून ठेवा. तुमचा स्वतःचा खप किती, हे याशिवाय कळत नाही. व्यायाम केल्यावर तो उतरतो, अर्धवट झोपेनं चढतो.

वाट चुकली, अडकलात, हवेत गडबड वाटली, तर मेडे, म्हणजे रेडिओवरून जीव धोक्यात असल्याची हाक, द्यायला लाजू नका. “मेडे, मेडे, मेडे,” मग तुम्ही कोण, कुठे आहात, काय झालंय, हवा किती उरलीय, काय हवंय. नेमकी जागा माहीत नसेल तर शेवटची आठवणारी खूण सांगा: दुसरा मजला, डावी भिंत, जिन्यानंतरचं दुसरं दार. मग अलार्म हातानं चालू करा, दिवा छताकडे धरा, श्वास संथ करा. लोक मेडे उशिरा देतात, कारण आणखी दोन पावलांवर दार सापडेल असं वाटत राहतं. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात शीतगृहाच्या वापरात नसलेल्या इमारतीला आग लागली. जवळपास बिनखिडक्यांची इमारत, आत भूलभुलैया. शोध घ्यायला गेलेले दोन जवान आत हरवले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघं परतले नाहीत. या कामात अडकलेल्याला शोधायला सहकारी जातातच, कुणी थांबत नाही. म्हणून मदत लवकर मागणं म्हणजे त्यांचाही जीव वाचवणं.

याच कारणासाठी आत जाताना नावाचा बिल्ला हजेरी फळ्यावर लावायचा. “दोन मिनिटांत येतो” म्हणून बिल्ला खिशातच ठेवून गेलेला माणूस बाहेरच्या हिशोबात आत गेलेलाच नसतो.

पायरी ६: आग विझली की दुसरा धोका सुरू

ज्वाळा गेल्या, धूर विरळ झाला, ढिगारा उपसायचंय. या टप्प्यावर मास्क काढायची सवय जुनी आहे. धूर दिसत नसला तरी धुमसणाऱ्या फोम-प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघत असतात. वायुमापक सुरक्षित म्हणेपर्यंत मास्क तोंडावरच.

आता काळ्या हेल्मेटविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ साली अग्निशमनाचं काम कर्करोगकारक व्यवसायांच्या पहिल्या गटात टाकलं. पुरावा पक्का आहे असा या गटाचा अर्थ. काजळी कातडीतून शरीरात जाते, आणि मान, जबडा, जांघा इथली कातडी पातळ. म्हणून बाहेर पडल्या पडल्या, मास्क काढायच्या आधीच, सहकाऱ्याकडून अंगावरचा गणवेश साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासून घ्या. मान, चेहरा, हात ओल्या पुसण्यानं पुसा. मळका गणवेश पिशवीत बांधून गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात, केबिनमध्ये नाही. डोक्यावरचं कापडी हूड दर आगीनंतर धुवायचं. स्टेशनवर पोहोचल्यावर आधी आंघोळ, बाकी सगळं नंतर. तो गणवेश घरी नेऊ नका आणि घरच्या कपड्यांत धुवू नका. यावरून कुणी चेष्टा केली तर करू द्या.

हृदयाचंही तसंच. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या जवानांमध्ये जवळपास निम्मे हृदयविकारानं जातात, भाजून किंवा छप्पर पडून नाही. जड गणवेशात शरीर तापतं, पाणी कमी होतं, रक्त दाटतं. एक सिलेंडर संपला की सावलीत बसा, कोट उघडा, हात कोपरापर्यंत थंड पाण्यात बुडवा, पाणी प्या. प्रमुख म्हणाला बस, तर बसा. छातीत जडपणा वाटला, डावा हात दुखला, मळमळलं, तर त्याच क्षणी सांगा.

पायरी ७: परतल्यावर बोला, आणि लिहून ठेवा

गाडी पुन्हा वर्दीसाठी तयार झाली की सगळ्यांनी पाच-दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलायचं. काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, फरक का पडला. सगळ्यात नव्यानं आधी बोलावं, हा नियम फार चांगला आहे. अधिकारी आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात आणि नव्यानं दारात उभं राहून पाहिलेलं कुणाच्या कानावर येत नाही. तुमची पाळी आली की मत देऊ नका, पाहिलेलं सांगा. “पाणी कमी पडलं” यापेक्षा “मी नोझल उघडलं तेव्हा होज पहिल्या वळणावर मुडपलेला होता” हे कामाचं.

मग स्वतःच्या वहीत लिहा. वर्दीची वेळ, पोहोचायची वेळ, इमारत कशाची, धूर कसा, वारा कुठून, पाणी कधी लागलं, हवा किती खर्ची पडली, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा काय वेगळं घडलं. खोट्या अलार्मचीही नोंद ठेवा. बहुतेक ठिकाणी आगीपेक्षा इतर कामांसाठीच गाडी जास्त वेळा बाहेर पडते: अपघात, लिफ्टमध्ये अडकलेले, गॅसगळती, आजारी माणूस. त्याच इमारतीत पुन्हा पुन्हा खोटी वर्दी आली तर मुकाट्यानं तो जिना, ते हायड्रंट, ती तळघराची वाट बघून घ्या. फुकटची पाहणी आहे ती. वहीत पीडितांची नावं लिहू नका. फोटो तर काढूच नका. कुणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस तुमच्या फोनमध्ये फिरता कामा नये.

पायरी ८: जे गोष्टीत येत नाही ते

स्टेशनमध्ये थट्टा चालते, कधी कधी बाहेरच्याला क्रूर वाटेल अशी. तिच्यात लगेच सामील व्हायची गरज नाही आणि तिच्यावर प्रवचन द्यायचीही नाही. जड वर्दीनंतर गप्प होणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवा. मोठमोठ्या गोष्टी सांगणारा माणूस एखाद्या वर्दीबद्दल कधीच बोलत नाही, असं तुमच्या लक्षात येईल. ती खणून काढू नका.

गाढ झोपेतून वर्दीला उठल्यावर पहिली काही मिनिटं डोकं मंद चालतं. म्हणून बूट, पँट, रेडिओ कुठे ठेवायचे ते कायमचं ठरवून टाका आणि त्या वेळात विचार करावा लागेल असं काही शिल्लक ठेवू नका. पाळी संपल्यावर लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवत करायचा असेल तर आधी डुलकी काढा.

लहान मूल गेलेली वर्दी, ओळखीच्या माणसाची वर्दी, हाकेच्या अंतरावर असूनही पोहोचता न आलेली वर्दी. त्यानंतर काही दिवस झोप उडणं, तोच वास येत राहणं, चिडचिड होणं हे स्वाभाविक आहे. महिनाभरानंतरही तेच चालू असेल, किंवा झोपेसाठी दारू लागू लागली असेल, तर दलाच्या समुपदेशकाकडे जा. दलात तशी सोय नसेल तर बाहेरच्या डॉक्टरकडे. आणि हे एखाद्या जुन्या सहकाऱ्याला खाजगीत सांगा. तोही कधीतरी गेला होता, हे तुम्हाला बहुधा तेव्हाच कळेल.

घरच्यांशी काय बोलायचं ते आधीच ठरवून घ्या. सगळं सांगू नये आणि काहीच न सांगणंही बरं नाही. “आजची वर्दी वाईट होती, तासभर मला बसू दे, मग बोलतो,” एवढं पुरतं. त्या तासानंतर मात्र बोला.